कोरैमेडूचा तांदूळ

तंजावूर, १८ जून २०२५

काका,

पत्राच्या वर काय लिहायचं ते तुम्हीच शिकवलं होतं. वडीलधाऱ्यांना काय, बरोबरीच्यांना काय, सगळं पाठ आहे. पण चौदा वर्षांनी लिहायला बसले, तर त्यातलं एक अक्षर उमटेना. म्हणून नुसतं काका. नमस्कार समजून घ्या.

फोन करता आला असता. तुमच्या वासुकीचा नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर आपण तमिळमध्ये सुरू होणार, मग इंग्रजीत शिरणार, आणि तुमचा नियम होता की अखिलाला काकाशी काही महत्त्वाचं बोलायचं असेल तर तिनं मराठीत लिहावं. आता राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत देवनागरी लिहिणारी बहुधा मी एकटीच उरलेय. आई बोलते, पण वाचत नाही. शेजारची मुलं आपली मराठी ऐकून हसतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात.

मेट्टूर धरणाचं पाणी सोडलं. परवा पापनाशमला जाताना बसमधून पाहिलं, शेतांकडे जाणारा वाय्काल भरायला लागलाय. पाणी गढूळ, पुढे पालापाचोळा ढकलत येणारं. तुम्ही असतात तर बस थांबवून खाली उतरला असतात.

आता कारण सांगते. कोरैमेडूचे सुब्रमण्यम येऊन गेले. ज्यांच्या वडिलांच्या नारळीच्या बागेत आपण खणलं, तेच. तेव्हा कॉलेजात होते, आता पंचायतीचे अध्यक्ष आहेत, पोट सुटलंय. गावानं एक छोटं सभागृह बांधलंय. आतल्या खोलीत आपलं मडकं आणि त्या जळक्या दाण्यांची कुपी काचेच्या कपाटात ठेवणार. दारावर पाटी लागणार आहे. "कावेरीकाठचा सर्वांत जुना भात या गावात शिजला." त्याखाली तुमचं नाव. आडिपेरुक्कूच्या दिवशी, नदीपूजेच्या सणाला, तीन ऑगस्टला उद्घाटन. ते तुमच्याच हातून व्हावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. त्यांनी तुम्हाला म्हैसूरला वेगळं आमंत्रण पाठवलंय. मला म्हणाले, "तुम्ही घरच्या. तुम्हीही एक पत्र टाका, म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत." आपण बोलत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

काका, एक्याण्णव साल आठवतं का? मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही नानांना म्हणालात, "पोरीला सुटीत माझ्याकडे पाठव, माती धुवायला." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "माती धुतल्यावर उरतें काय?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, उरतं ते दाखवायला आणीन." आणि तिचीच एक जुनी मलमलची साडी मागून नेलीत, गाळायला.

मला अजून त्या पिंपाचा आवाज ऐकू येतो. वाय्कालचं पाणी बादल्यांनी भरायचं, त्यात खड्ड्यातली माती सोडायची आणि हातानं हळूहळू ढवळायची. जड ते खाली जायचं. तीन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी चुलीत पडून कोळसा झालेलं बी तेवढं हलकं होऊन वर यायचं. मी ते मलमलीवर धरायचे. बहुतेक वेळा नारळाची मुळं आणि मुंग्यांचे पाय निघायचे. संध्याकाळी तंबूत तुम्ही मला देवनागरी शिकवायचात, नमुन्यांच्या पिशव्यांना बांधायच्या पुठ्ठ्यांवर. मला लिहायला लावलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "आज काही सापडलं नाही." रोज तेच लिहावं लागायचं, म्हणून अक्षर लवकर वळलं.

आणि मग तो दिवस. मडक्यातली माती मीच धुतली होती. मलमलीवर काळं काहीतरी चिकटलं. तुम्ही ते ओल्या कुंचल्यानं उचलून तळहातावर घेतलंत. "भात आहे गो," तुम्ही म्हणालात. मराठीत. बाकी सगळे तमिळ बोलणारे मजूर, त्यांना कळलंच नाही, तरी सगळे धावत आले. सुब्रमण्यमच्या आई विशालाक्षी अम्मा आपला स्वयंपाक करायच्या, त्यांनी त्या दुपारी सगळ्या गावाला पायसम वाढलं.

मी पुढे आयुष्यभर जे काम केलं, ते त्या दिवशी ठरलं. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते.

या, काका. आईही वाट बघतेय.

अखिला


तंजावूर, २ जुलै

काका,

उत्तर आलं नाही. पण सुब्रमण्यम फोनवर आनंदानं सांगत होते की वासुकीनं कळवलंय, अप्पा येतायत. म्हणजे पत्रं पोचतायत. त्यांना होकार गेला, मला काही नाही. हरकत नाही. मी लिहिणार.

काल आई विचारत होती, "कुणास लिहितेस इतकें? त्यागराजास?" हो म्हटलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिला भाजी चिरताना मध्ये बोललेलं चालत नाही. हातातली भाजी चिरून संपवली. मग म्हणाली, "अगो, भात जुना कीं नवा, शिजला तर झालें. तेवढ्यास्तव भावाच्या मुलीशीं कोणी बोलणें टाकितो काय? दोघांसही काम नाहीं." आणि तुम्हाला दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी आवडायची, त्यात मीठ किती लागायचं, हे मला पुन्हा एकदा ऐकवलं. तुम्ही आलात की ती करणार आहे.

आईला वाटतं भांडण भाताचं होतं. होतंही तसंच.

तुमच्या सत्काराचा तो परिसंवाद. सभागृह भरलेलं, तुमच्या गळ्यात चंदनाचा हार. मी उठून विचारलं की मडक्याजवळचा कोळसा तीन हजार वर्षांचा आहे हे मान्य, पण दाणे कोळशाच्याच काळातले कशावरून? घुशीच्या बिळातून वरच्या थरातले दाणे खाली घरंगळले नसतील कशावरून? तुम्ही चष्मा काढलात. कागद गोळा केलेत. हार खुर्चीवर ठेवलात आणि निघून गेलात. पुढच्या वर्षी म्हैसूरला राहायला गेलात, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

मी तो प्रश्न तुमच्याकडूनच शिकले होते. जे सापडलं ते तिथं कसं आलं, हे आधी विचारायचं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून तुम्ही हे इतक्यांदा सांगितलं होतं की मजूरसुद्धा एकमेकांची चेष्टा करायचे. "अण्णा, हा तुमचा डबा इथं कसा आला?"

मला एक आठवत नाही, ते सांगाल का? ते मडकं निघालं तेव्हा त्याच्या तोंडावर झाकण होतं का? मला वाटतं, होतं पण तडकलेलं होतं, दाणा आत शिरेल इतकं. मला वाटतं, तुम्ही ते स्वतः उचलून बाजूला ठेवलंत. सहज विचारते आहे.

नाही, सहज विचारत नाही. पण आज एवढंच. बाहेर पोस्टमन आलाय, त्याच्याच हातात देते.

अखिला


तंजावूर, ११ जुलै

काका,

आज सगळं लिहिते.

सभागृहासाठी मडकं आणि कुपी विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या कपाटातून बाहेर काढली. पाटीवर काळ लिहायचा, तर सरकारी परवानगीसाठी तो पुन्हा तपासून द्या म्हणाले. तपासायचं काम माझ्याकडे आलं. तुमच्या वेळी काळ काढायला मूठभर कोळसा लागायचा, म्हणून तुम्ही दाण्यांऐवजी शेजारचा कोळसा पाठवलात. नंतर एका दाण्यावरही काळ काढता यायला लागला, पण दाणा जाळल्याशिवाय ते होत नाही, आणि तुम्ही त्या कुपीला कुणाला हात लावू दिला नाहीत. मी लावला. विभागाची लेखी परवानगी घेतली, पण लावला मीच. त्यातले दोन दाणे पाठवले.

काका, दोन्ही दाणे अलीकडचे आहेत. तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या आतले. त्या काळातलं नेमकं साल या पद्धतीनं सांगता येत नाही, पण तीन हजार वर्षांचे नाहीत. त्यात शंका नाही. निकाल मे महिन्यात आलाय. मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा तो कागद माझ्या टेबलावर होता.

पण मडकं खरं आहे. खड्डा खरा आहे. तुमचा कोळसा खरा आहे. मडक्याच्या आत तळाला जो करपलेला थर होता, तो तुम्ही धुवू दिला नव्हता, म्हणून तो आज आहे. दुसरं कुणी असतं तर घासून चकचकीत करून ठेवलं असतं. माझी विद्यार्थिनी सौम्या हिनं तो थर कणाकणानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, रसायनांनीही तपासला. त्यात राळे निघाले. मूग निघाले. माशाची चरबी निघाली. (आईला हे सांगितलं नाही. तिला वाटेल की मासे शिजलेलं ते मडकं आपण सोवळ्याच्या घरी आणलं होतं.) आणि एका कंदाचं पीठ निघालं, पाण्यात वाढणाऱ्या. भाताचा एक कणही नाही.

मातीतही भातशेतीची खूण नाही. लव्हाळं, लव्हाळं आणि लव्हाळं. कोरैमेडू म्हणजे लव्हाळ्याचं टेकाड, गावाचं नावच सांगत होतं आणि आपण दोघांनी ते हजारदा उच्चारलं. तिथं तेव्हा हिरवी शेतं नव्हती. दलदल होती, मध्ये एक उंचवटा, त्यावर थोडी घरं. माणसं कोरड्या जागी राळे पेरत होती आणि पाण्यात उतरून कंद काढत होती. मला रोज बसमधून जी शेतं दिसतात, ती पुसून ती दलदल डोळ्यांसमोर आणायला फार वेळ लागतो. तुम्हाला लगेच जमलं असतं.

मी हे छापणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी छापणार, कारण न छापलं तर तुम्ही मला जे शिकवलं त्याचं काय? पण ते परक्या कागदावर वाचायच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळावं. आणि त्या पाटीखाली उभं राहून तुम्ही फीत कापावी, हे मला बघवणार नाही.

रागवा. पण काहीतरी लिहा. "पत्र पोचलं" एवढं लिहिलंत तरी चालेल.

अखिला


तंजावूर, २१ जुलै

काका,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "पत्रं थांबवू नको. लिही, आणि रविवारी वाचून दाखव." म्हणून लिहिते. तुम्ही फोनवर यायच्या आधी वासुकी काय बोलली, ते तुम्हाला माहीत नाही. ते सांगते.

तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "अक्का, ही पत्रं तू इंग्लिशमध्ये का नाही लिहिलीस?"

मी म्हटलं, काकांचा नियम आहे.

"अप्पांना दिसत नाही गो. दोन वर्षं झाली. मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं धुरकट दिसतं. तुला कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार?

"तीन पाकिटं आली," ती म्हणाली. "तिन्ही उशीखाली. मला बोललेलं समजतं, पण ती अक्षरं मला कुठं येतात? मी म्हटलं, खालच्या मजल्यावर पुण्याचे एकजण आहेत, ते वाचून देतील. तर अप्पा म्हणाले, घरचं पत्र परक्यानं वाचायचं नाही. रोज बाहेर काढतात, हातानं चाचपतात, परत ठेवतात. आता तूच वाच. थांब, स्पीकरवर टाकते."

आणि मग मी वाचत गेले. स्वतःचं पत्र मोठ्यानं वाचण्याइतकं अवघड काही नसतं, काका. कागदावर लिहिताना कुणी श्वास घेत ऐकत नसतं. पहिल्या पत्रात तुम्ही दोनदा हसलात, एकदा मुंग्यांच्या पायांना आणि एकदा आईला. दुसऱ्या पत्रात हसला नाहीत. "झाकण होतं," एवढंच म्हणालात. "तडकलेलं होतं. मी उचललं."

तिसरं वाचायला मी पाणी प्यायले. "दोन्ही दाणे अलीकडचे आहेत" हे वाक्य मी लिहिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, एकदाचं लिहून झालं म्हणून. ते तुमच्या कानात सांगताना माझा आवाज लहान मुलीसारखा झाला. तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली. वासुकी उठून गेली, परत आली. मला वाटलं, तुम्हीही उठून गेलात.

मग तुम्ही विचारलंत, "तीनशे वर्षं म्हणजे भोसल्यांच्या अमलातले?"

मी म्हटलं, असू शकतील.

"म्हणजे आपलीच माणसं गो!" आणि तुम्ही हसायला लागलात. खोकला येईपर्यंत. "कुणातरी आजीनं भात करपवला, आणि मी त्यावर दोन पुस्तकं लिहिली."

मी हसले नाही, कारण मला रडू येत होतं, ते तुम्हाला कळलं असावं. कारण मग तुम्ही आवाज बदललात. म्हणालात, "त्या दिवशी तू विचारलंस, तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. इतक्या लोकांसमोर माहीत नाही म्हणायला मी कधी शिकलो नव्हतो. म्हणून उठलो. नंतर परत यायला वाट सापडेना." आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "कंद कुठला? सांग. लव्हाळ्याचा की कमळाचा?"

काका, मला पुन्हा एकोणीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

आता पुढचं. आज सकाळी सुब्रमण्यमना भेटून निकाल सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, पाटी रंगवून झालीय. कलेक्टर ऑफिसातून माणसं येणार आहेत. गावातली मुलं बाहेरगावी गेली की सांगतात, आम्ही सर्वांत जुन्या भाताच्या गावचे. त्यांना मी काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, "खरं नंतर छापा. त्या दिवशी सरांनी फक्त फीत कापावी, बोलू नये. एवढं करा."

मी त्यांना शब्द दिला नाही. काकांना कळवते असं म्हटलं. तुम्हाला यायचं नसेल तर कुणी काही म्हणणार नाही. डोळ्यांचं कारण पुरेसं आहे.

अखिला


तंजावूर, ८ ऑगस्ट

काका,

प्रवास नीट झाला असं वासुकीनं कळवलं. तिच्या हाती आईनं पच्चडीसाठी डांगराचं पीठ दिलंय, ते फ्रिजमध्ये ठेवू नका असं आई तिसऱ्यांदा सांगतेय.

गाडीत बसताना तुम्ही मला विचारलंत, "लोकांचे चेहरे कसे होते?" मागे सुब्रमण्यम उभे होते, म्हणून मी म्हटलं, नंतर लिहीन. आता लिहिते. तुम्ही मंचावर होतात, आणि तुम्हाला समोर फक्त उजेड दिसत होता. मी खाली पहिल्या रांगेत होते.

तुम्ही फीत कापलीत तोवर सगळे खुशीत होते. बायका नदीवरची पूजा करून आल्या होत्या, गळ्यात हळदीचे पिवळे दोरे, हातात डबे. लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा भात. मांडवभर भाताचा वास. मला वाटलं, आता तुम्ही हात जोडून बसाल. सुब्रमण्यमनी माईक तुमच्यापासून लांब ठेवला होता. तुम्ही त्याच्या खरखरीवरून तो शोधलात.

तुम्ही तमिळमध्ये म्हणालात, "चौतीस वर्षांपूर्वी मी या गावाला एक गोष्ट सांगितली. ती चुकीची होती." तेव्हा मागच्या रांगेत अजून कुणीतरी हसत होतं. त्यांना वाटलं, तुम्ही विनोद करताय. मग तुम्ही दाण्यांचं सांगितलंत, घुशीचं बीळ, वरून खाली आलेला भात. मग हसू थांबलं. कलेक्टर ऑफिसातून आलेले दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एक तरुण उठून निघून गेला. कुणीतरी ओरडलं, "मग पाटी कशाला लावली?" ते तुम्ही ऐकलंत, कारण तुम्ही त्या दिशेला मान वळवलीत आणि म्हणालात, "पाटी माझ्यामुळे लागली. काढायला सांगायला मी आलोय." सुब्रमण्यमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा नव्हता. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि तो रुमाल तोंडासमोरच धरून ठेवला.

आणि मग तुम्ही म्हणालात की ही शंका तुमच्या पुतणीनं चौदा वर्षांपूर्वी घेतली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहत होते. माझ्याकडे बघू नका असं वाटत होतं, आणि बघत राहा असंही.

टाळ्या झाल्या नाहीत. तुम्ही खाली बसलात तेव्हा तुमचा चेहरा पडला होता. तुम्हाला वाटलं, सगळं गाव चिडलं. काही चिडले होते. पण त्या शांततेत जो आवाज आला, तो तुम्हाला कुणाचा ते कळलं नसेल. त्या विशालाक्षी अम्मा होत्या. आता पूर्ण वाकल्यात. खुर्चीवरून न उठता त्यांनी विचारलं, "मग त्या मडक्यात होतं काय?"

तुम्ही मंचावरून म्हणालात, "अखिला, सांग." मराठीत म्हणालात. तसंच, जसं तेव्हा "भात आहे गो" म्हणाला होतात.

मी जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. राळे म्हटल्यावर म्हातारी माणसं माना डोलवत होती. मासे म्हटल्यावर तरुण मुलं हसली, त्यात ऑफिसातलेही दोघं हसले. आणि पाण्यातल्या कंदाचं तमिळ नाव घेतलं, कोट्टिक्किळंगु, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका एकदम एकमेकींकडे वळल्या. तुम्हाला जी कुजबुज ऐकू आली आणि जिला तुम्ही नाराजी समजलात, ती ही होती, काका. त्या आपसात विचारत होत्या, तुझ्या घरी कसं करायचे, आमच्या घरी कसं करायचे.

तुम्ही गेल्यावर विशालाक्षी अम्मांनी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, "उन्हाळ्यात तळं आटलं की आई आम्हाला चिखलात उतरवायची. पायाच्या बोटांना लागायचा. शिजवला की आधी मातीचा वास यायचा, मग गोड. घरी भात नसला की खायचं, म्हणून मोठं झाल्यावर कुणी नाव काढत नसे. लाज वाटायची." मी विचारलं, आता मिळेल का? "आता कुठला? तळ्याला सिमेंटच्या कडा झाल्या. माझ्या सुनेला नावसुद्धा माहीत नाही." मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, "तीन हजार वर्षांपूर्वी ते खाणारे गरीब होते का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्यांनी बराच वेळ हात सोडला नाही.

काल सुब्रमण्यम आले. मला वाटलं, भांडायला. त्यांनी दाराबाहेरच्या तिण्णैवर बसून कॉफी घेतली आणि सांगितलं, "पाटी पुसलीय. नवीन काय लिहायचं ते अम्मांनी सांगितलंय, तुम्ही फक्त चुकलं असेल तर दुरुस्त करा." मजकूर असा आहे, मी मराठीत देते: "इथं तीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती. ती राळे, मूग, मासे आणि तळ्यातला कंद खात होती. भात नंतर आला." मी काहीच दुरुस्त केलं नाही. खाली दोन नावं आहेत, आधी तुमचं. शोधनिबंधावरही दोन नावं घालते, तुम्ही म्हणालात तशी. सौम्याचं तिसरं. उतारे तयार होतील तसे वाचून दाखवीन, चुका काढा. जरा जोरात काढा, मला सवय राहिलेली नाही.

सुब्रमण्यम उठताना म्हणाले, "सर रागावून गेले का?" मी म्हटलं, "नाही. त्यांना वाटतंय तुम्ही रागावलात." ते हसले. म्हणाले, "मी रागावलोय. पण जाईल."

रविवारी इथपर्यंत वाचून दाखवीन. यापुढचं वाचणार नाही. कागद मात्र पाठवणार. तुम्ही तो चाचपाल आणि उशीखाली ठेवाल. वासुकीला ही अक्षरं येत नाहीत, म्हणून लिहायचा धीर होतोय.

वासुकी त्या दिवशी म्हणाली, "अप्पांना दिसत नाही गो." त्यावर मी "अय्यो" म्हटलं, "कधीपासून" विचारलं, जे विचारायचं ते सगळं विचारलं. पण त्याच्या आधी, त्या वाक्यानंतर लगेच, माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मला कळलं की तुम्ही रागावून गप्प नव्हता. तुम्हाला फक्त वाचता येत नव्हतं. माझ्या काकांचे डोळे गेले होते, आणि ते ऐकून मला आनंद झाला होता. तुमचा फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. ती विचारत राहिली, काय झालें, काय झालें, आणि मला तिला सांगता येईना.

अखिला